वर कोणी नसतं

गेल्या महिन्यात घरच्यांना घेऊन सोलापूरला एका मल्टिप्लेक्समध्ये सिनेमाला गेलो होतो. मंगळवेढ्याहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, म्हणजे तिकिटाच्या जोडीला पेट्रोल आलंच. सिनेमा सुरू झाला आणि दोन मिनिटांत लक्षात आलं, हिरोला कपाळच नाही. भुवयांपासून ओठापर्यंत माणूस दिसतोय, बाकीचा वरखाली कापला गेलाय. हिरॉईनचंही तेच. नावं आली तीही अर्धी.

सवयीनं मान मागं वळली. आमच्या वेळेला असं झालं की अख्खं थिएटर मागं वळून ओरडायचं, शिट्ट्या पडायच्या, आणि मागच्या भिंतीतल्या बारक्या खिडकीत एक डोकं दिसायचं. इथं खिडकी होती, तिच्यातून झोत येत होता. डोकं नव्हतं. शिट्टीही कुणी मारली नाही. चारशे रुपयांच्या खुर्चीत बसून शिट्टी मारायची लाज वाटत असावी.

उठून बाहेर गेलो. टॉर्चवाल्या पोराला सांगितलं. पोरगं नम्र होतं. म्हणालं, "सर, मॅनेजरना कळवतो. वर कोणी नसतं."

दहा-बारा मिनिटांनी कपाळ परत आलं. तोवर गोष्टीतला पहिला खून होऊन गेला होता आणि तो कुणी केला हे आमच्या रांगेत कुणालाच कळलं नव्हतं. बायको म्हणाली, "पेपरात एखाद्याचं नाव चुकलं तर सकाळी सहाला तुम्हाला फोन येतो. इथं कुणाला करायचा?"

तर मित्रांनो, आजची पोस्ट त्या खिडकीमागच्या खोलीबद्दल आहे. थोडी लांब झालीय. जेवण झाल्यावर वाचा.

मी पाचवी-सहावीत असताना आपल्याकडच्या टॉकीजमध्ये मशीन चालवणारे एक मामा आमच्या गल्लीत राहायचे. सख्खे मामा नव्हेत, गल्लीचे मामा. संध्याकाळचा त्यांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडं होतं आणि त्या कामासाठी गल्लीतली पोरं माझ्यावर जळायची. कॅबिनला जिना बाहेरून होता, लोखंडी. थिएटरच्या आतून कॅबिनमध्ये जायला दारच नव्हतं. दारावर पाटी, 'परवानगीशिवाय आत येऊ नये'. डबा हीच माझी परवानगी.

आत दोन मशीन. दोन का, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. सिनेमा एकच आणि मशीन दोन. मामांनी एकदा भाकरी मोडता मोडता सांगितलं. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चित्रं या वेगानं पळते, म्हणजे मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. दोन रिळं जोडून एका स्पूलवर घेतली तरी वीस-बावीस मिनिटं. अडीच तासांचा पिक्चर म्हणजे साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरच्या वर फिल्म. ती सगळी एका मशीनवर मावत नाही. म्हणून एकावर रीळ संपत आलं की दुसऱ्यावर पुढचं तयार ठेवायचं आणि कुणाला न कळता उडी मारायची.

ही उडी कशी मारायची याची खूण फिल्मवरच असायची. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक बारका ठिपका क्षणभर चमकून जायचा. पहिला ठिपका दिसला की दुसऱ्या मशीनची मोटार चालू. मग सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की पहिल्याची झडप बंद आणि दुसऱ्याची उघडी. मामांनी तो ठिपका दाखवल्यापासून माझं सिनेमा बघणं बिघडलं ते कायमचं. लोक हिरॉईनकडं बघायचे, मी कोपऱ्याकडं.

उजेड कार्बनचा. आजच्या पोरांना हे खरं वाटणार नाही. मशीनच्या मागं लोखंडी घर, त्यात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर. त्यांची टोकं एकमेकींना टेकवून किंचित लांब केली की मधे ठिणगी धरते, वेल्डिंगसारखी. त्या ठिणगीचा उजेड मागच्या आरशावरून फिल्मवर आणि भिंगातून पडद्यावर. कांड्या जळत जळत आखूड होतात, त्यांच्यातलं अंतर वाढतं, मग पडदा पिवळा पडतो. म्हणून ऑपरेटरला सारखं लक्ष ठेवून कांडी पुढं सरकवावी लागते. कांड्यांच्या धुरासाठी वर पत्र्याचं धुराडं. त्या घराला काळ्या काचेची बारकी खिडकी, तिच्यातूनच बघायचं. "नुसत्या डोळ्यानं बघशील तर रातभर रडशील," असं मामा म्हणायचे. एकदा बघितलं होतं. रात्रभर नाही, पण अंथरुणात पडल्यावर बराच वेळ डोळ्यांपुढं हिरवा गोळा नाचत होता.

आणि भिंतीला खिडक्या. प्रत्येक मशीनला दोन, एक झोत जायला, दुसरी ऑपरेटरला पडदा बघायला. प्रत्येक खिडकीच्या वर लोखंडी झडप, दोरीनं बांधलेली. त्या दोऱ्या मशीनच्या डोक्यावरून गेलेल्या. कोपऱ्यात वाळूच्या लाल बादल्या. मला वाटायचं त्या बिड्या विझवायला असाव्यात, कारण वाळूत थोटकं खोचलेली असायची.

खरं कारण नंतर वाचनात आलं, आणि त्यासाठी पार पॅरिसला जावं लागतं.

४ मे १८९७. पॅरिसमध्ये श्रीमंत बायकांनी धर्मादाय बाजार भरवला होता. लाकूड, कापड, रंगीत पुठ्ठे यांचा मांडव. करमणुकीला नवीन निघालेलं हलत्या चित्रांचं यंत्र. त्या यंत्राचा दिवा ईथरवर चालायचा. दिव्यात ईथर भरताना काडी ओढली गेली आणि भडका उडाला. सव्वाशेच्या आसपास माणसं गेली, बहुतेक बायका. सिनेमा जन्मून दीड वर्षही झालं नव्हतं.

दिव्यापेक्षा फिल्म वाईट. त्या काळची फिल्म नायट्रेटची. बंदुकीच्या दारूला जो कापूस वापरतात त्याच्याच जातीची. एकदा पेटली की तिला बाहेरच्या हवेची गरज राहत नाही, पाण्यात बुडवली तरी जळते. अशी हजारो फूट फिल्म, तिच्यापासून वीतभर अंतरावर ती ठिणगी, आणि खाली पाचशे माणसं. म्हणून इंग्लंडमध्ये १९०९ साली कायदा झाला की यंत्र आगीला दाद न देणाऱ्या बंद खोलीतच हवं. आपल्याकडं १९१८ साली सिनेमॅटोग्राफ कायदा आला आणि १९२० पासून अंमल सुरू झाला. त्यात दोन गोष्टी एकत्र होत्या. परवान्याशिवाय थिएटर चालवायचं नाही आणि प्रमाणपत्राशिवाय सिनेमा दाखवायचा नाही. कॅबिनची भिंत आणि सेन्सॉरचा शिक्का ही एकाच कायद्याची जुळी लेकरं. सेन्सॉरवर आजवर ढीगभर लिहिलं गेलं, भिंतीवर कुणी लिहीत नाही.

आता त्या कॅबिनकडं परत बघा. जिना बाहेरून का? आग लागली तर धूर आणि ऑपरेटर दोघंही प्रेक्षकांतून जाऊ नयेत म्हणून. दोऱ्या मशीनवरून का? फिल्म पेटली की दोरी जळते आणि सगळ्या झडपा धाडकन खाली पडतात. प्रेक्षकाला जाळ दिसत नाही, चेंगराचेंगरी होत नाही. आत राहिलेल्या माणसाचं काय, तर त्याच्यासाठी बाहेर उघडणारं दार आणि वाळूची बादली. खोलीची सगळी रचना खालच्या माणसांना वरच्या माणसापासून वाचवण्यासाठी होती, आणि तो वरचा माणूस तिथं कायम हजर राहणार हे त्यात धरलेलंच होतं. परीक्षा देऊन परवाना काढलेला माणूस. मामांचा परवाना फ्रेम करून भिंतीला टांगलेला होता, शेजारी पांडुरंगाचा फोटो.

पण आपल्या भागाला कॅबिन अशी पक्क्या भिंतीतली मिळाली ती फार उशिरा. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएरचा पहिला खेळ झाला. फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. (जाता जाता : त्या वेळी कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडून यायची नाहीत. ती भोकं घरी पाडावी लागत आणि ते काम सरस्वतीबाई फाळके करायच्या. मशीनचे दाते ज्या भोकांत अडकून चित्र पुढं सरकतं तीच ही भोकं, एका चित्राला चार. एक जरी तिरकं पडलं तर पडद्यावर चित्र थरथरणार. दादासाहेबांच्या पुतळ्याला हार घालताना हे आठवावं.) अब्दुलअली युसुफअली नावाचे गृहस्थ तंबू घेऊन आधी आग्नेय आशियात आणि १९०८ पासून भारतात गावोगाव फिरले. पुढं आर्देशीर इराणींबरोबर ते मुंबईत थिएटरचे मालक झाले. आलम आरा १४ मार्च १९३१ ला लागला तो त्यांच्याच मॅजेस्टिकमध्ये.

बोलपट आल्यावर कॅबिनमधलं काम बदललं. मूकपट हातानं फिरवता यायचा. मारामारी आली की जरा जोरात फिरवा, बघणाऱ्यांना मजा. फिल्मच्या कडेला आवाजाची रेघ आल्यावर तो लाड संपला. वेग जरा हलला की नायिकेचा आवाज बाप्याचा होतो. मोटार आली, वेग २४ वर पक्का झाला, आवाज वाचणारा दिवा आला, पडद्यामागं कर्णे आले. ६ फेब्रुवारी १९३२ ला प्रभातचा अयोध्येचा राजा आला आणि मराठी माणूस टॉकी बघायला लागला. 'टॉकीज' हा शब्द तेव्हापासूनचा. आपण अजून टॉकीजच म्हणतो, भले तिथं आता मंगल कार्यालय असो.

खेड्यापाड्यांत मात्र टुरिंग टॉकीज. जत्रेत तंबू, मधे कापडी पडदा, एका बाजूला बाया आणि दुसऱ्या बाजूला बापे. आणि कॅबिन ट्रकमध्ये. ट्रकच्या हौद्यात मशीन पक्कं बसवलेलं आणि झोत तिथूनच सरळ तंबूत. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेसारख्या जत्रांत हे तंबू अगदी अलीकडंपर्यंत लागायचे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी आपल्याच महाराष्ट्रातल्या या तंबूवाल्यांवर बरीच वर्षं काम करून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ साली तो कान महोत्सवात दाखवला गेला. मिळाला तर बघा. त्यात ट्रकमधली कॅबिन आहे, गंजलेली मशीनं आहेत आणि ती दुरुस्त करणारा एक अफाट माणूस आहे.

नायट्रेट फिल्म १९५०च्या सुरुवातीला बनायची बंद झाली. नवी फिल्म कागदासारखी भडकायची नाही, नुसती वितळायची. आगीचं मूळ कारण गेलं. पण आपल्याकडं मुंबई सिनेमा विनियमन कायदा आला १९५३ चा, त्याखालचे नियम १९६६ चे, आणि त्यांत कॅबिनचा रुबाब कायम राहिला. जिल्हाधिकाऱ्याचा परवाना, बादल्या, दार, जिना. मामांनी उभ्या जन्मात नायट्रेट बघितली नाही. त्यांच्या उस्तादानं बघितली होती म्हणे, आणि उस्तादाच्या उजव्या हाताला तीन बोटं होती. खरं खोटं पांडुरंग जाणे. पण मामा दोऱ्या मात्र दर सोमवारी तपासायचे.

आता मल्टिप्लेक्सकडं येऊ. एका आवारात एकापेक्षा जास्त पडदे ही आपल्याला नवलाई नव्हती, सोलापूरच्या भागवत थिएटरवर गेलेल्यांना ठाऊक आहे. पण तिथं प्रत्येक पडद्याला त्याची त्याची कॅबिन आणि त्याचा त्याचा ऑपरेटर. मल्टिप्लेक्सचं गणित वेगळं आणि त्याचं मूळ एका थाळीत आहे. परदेशात १९६०च्या दशकात अशी सोय निघाली की सगळी रिळं एकाला एक चिकटवून अख्खा सिनेमा एका आडव्या मोठ्या थाळीवर ठेवायचा. फिल्म मधून सुटते, मशीनमधून जाते आणि दुसऱ्या थाळीवर गुंडाळली जाते. उलटी गुंडाळायची गरज नाही, ठिपका बघायची गरज नाही. कार्बनच्या जागी झेनॉनचा दिवा आला, तो आपोआप जळत राहतो. म्हणजे सुरू करून दिल्यावर ऑपरेटर रिकामा. मग त्याला पुढच्या मशीनवर पाठवा. म्हणून थिएटरं पाठीला पाठ लावून बांधली आणि मधे एक लांब बोळ, सगळ्यांची मिळून एक कॅबिन. एक माणूस सहा-आठ मशीन बघतो. दिल्लीत साकेतला १९९७ साली पीव्हीआरनं अनुपम सुरू केलं, तिथून आपल्या देशात हा प्रकार पसरला.

तो उरलेला एक माणूस डिजिटलनं काढला. २००५ साली हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्यांनी मिळून डिजिटल सिनेमाचे नियम ठरवले आणि त्याच सुमाराला आपल्याकडं यूएफओ कंपनीनं उपग्रहावरून थेट थिएटरात सिनेमा उतरवायला सुरुवात केली. आता सिनेमा म्हणजे एक कुलूपबंद फाइल. ती डिस्कवरून येते नाहीतर छतावरच्या छत्रीतून. किल्ली वेगळी येते. ती ठरावीक मशीनलाच लागते आणि ठरावीक तारखेपासून ठरावीक तारखेपर्यंतच चालते. मुदत संपली की फाइल समोर असूनही उघडत नाही. दामाजीपंतांच्या गावात कोठाराच्या किल्लीचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की आता किल्ली बिदरलाच राहते, गावातल्या माणसाच्या हातात येतच नाही.

खेळाच्या वेळा सकाळीच संगणकात भरतात. दिवे मंद होणं, जाहिरात, राष्ट्रगीत, सिनेमा, इंटरवल, सगळं यादीप्रमाणं. रुंद चित्राची मांडणी वेगळी, कमी रुंद चित्राची वेगळी. यादी भरताना एक ओळ चुकली की हिरोचं कपाळ जातं. नव्या इमारतींत तर कॅबिन नावाची खोलीच नसते. आवाज बाहेर येऊ नये अशी पेटी करून मशीन छताला टांगतात. जिना नाही, दार नाही, बादली नाही. २०१७ साली दक्षिण कोरियात तर प्रकाशणारा पडदाच बसवला, टीव्हीसारखा. म्हणजे झोतही नाही. धुळीचे कण ज्यात नाचायचे तो झोत.

आता कुणी म्हणेल, तुम्हाला जुन्याचं कौतुक. नाही हो. प्रिंटचा जमाना मी बघितलाय. एका प्रिंटला पन्नास-साठ हजार रुपये लागायचे, म्हणून मोजक्या प्रिंट निघायच्या. त्या आधी मुंबई-पुणं, मग सोलापूर, आणि आपल्याकडं येईपर्यंत गाणी जुनी झालेली आणि फिल्मवर पाऊस पडत असलेला. सैराट आपल्या जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याकडचा सिनेमा. २९ एप्रिल २०१६ ला तो शहरात आणि तालुक्याला एकाच शुक्रवारी लागला तो डिजिटलमुळं. प्रिंट असत्या तर आर्ची आपल्याकडं पावसाळ्यात आली असती. हे श्रेय द्यायलाच पाहिजे.

माझं म्हणणं वेगळं आहे. आगीची भीती गेली ती चांगलीच गोष्ट. पण भीतीपायी का होईना, कायद्यानं तिथं एक माणूस बसवला होता, नाव-फोटो-परवान्यासकट. तीस वर्षं त्याला गाव ओळखत होतं. चुकला तर लोक शिव्या द्यायचे, पण त्या शिव्या पोचायच्या.

परवा मामांकडं गेलो होतो. अठ्ठ्याहत्तर वय आहे, कान गेलेत, डोकं जाग्यावर. त्यांच्या टॉकीजमध्ये डिजिटल आलं तेव्हा मालकानं त्यांना काढलं नाही. एक बटण दाखवलं आणि सांगितलं, हे दाबायचं. दोन वर्षं त्यांनी ते दाबलं, मग स्वतःहून सोडलं. म्हणाले, "बटान दाबायला मानूस कशाला पायजे? कोंबडंबी दाबंल."

मी सोलापूरचं कपाळ सांगितलं. खो खो हसले. "पट्टी बदलायची राहिली आसंल." त्यांच्या वेळी मोठ्या पडद्याच्या सिनेमाला भिंग वेगळं लावायचे आणि फिल्मच्या दारावरची चौकोनी पट्टीही बदलायची. एका दिवाळीत फर्स्ट शोला ती बदलायची त्यांच्याकडून राहिली होती. "शिट्टी पडली. बघतो तर समदी लांबुडकी, भुतासारखी. हात भाजला पण भिंग बदललं. मालकानं दिवसाचा पगार कापला."

"किती वेळ लागला?" मी विचारलं.

"वेळ? आरं, लोकं बसू देतील व्हय?"

दोनपैकी एक मशीन भंगारात गेलं, किलोच्या भावानं. आर्कचा आरसा कुणीतरी दाढी करायला नेला, असं मामा सांगतात. दुसरं मशीन अजून आहे, ताडपत्रीखाली, कोंबड्या त्यावर बसतात. तेही जाईल. जागेचा व्यवहार चाललाय असं कानावर आहे. मामांनी स्वतःकडं एकच वस्तू ठेवलीय, खिडकीची लोखंडी झडप, कडीसकट. सध्या ती त्यांच्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून आहे. मी फोटो काढायला लागलो तर म्हणाले, थांब, आणि धोतराच्या सोग्यानं पुसून दिली.

विनंती एवढीच. मंगळवेढा, सांगोला, पंढरपूर, मोहोळ या पट्ट्यात ज्यांच्या घरी कुणी ऑपरेटर होतं, ज्यांच्याकडं जुना परवाना, जाहिरातीच्या काचेच्या स्लाइड, रिळाचा डबा, तंबूचं तिकीट, काहीही असेल, त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. वस्तू तुमच्याकडंच राहू दे, मी येऊन फोटो काढतो आणि दोन गोष्टी लिहून घेतो. आणि भंगारवाला दारात आला असेल तर त्याला अर्धा तास चहा पाजा. तोवर मी पोचतो.